बापूसाहेबांचा दुसरा साक्षीदार

'काल इंदूरला धो धो पाऊस झाला,' असं कुणी बापूसाहेब पिंपळखऱ्यांना सांगितलं, तर ते पावसाबद्दल काही विचारत नसत. "तुम्ही होतात इंदूरला?" असं विचारत. सांगणारा म्हणे, मी नव्हतो, भावाचा फोन आला होता. "मग पाऊस भावाने पाहिला. तुम्ही फोन ऐकला. तसं बोला." यानंतर पावसाविषयी आणखी काही बोलायची इच्छा कुणाला उरत नसे.

बँकेने माझी बदली साताऱ्याहून उज्जैनला केली, तेव्हा फ्रीगंजमधल्या त्यांच्या घराचा वरचा मजला मी भाड्याने घेतला. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी चहाला खाली बोलावलं. गाडीला उशीर का झाला, ते मी सहज सांगायला लागलो. रतलामच्या अलीकडे कुणीतरी साखळी ओढली होती.

"कुणी ओढली?"

"काय माहीत. डब्यातले लोक म्हणत होते."

"म्हणजे गाडी उभी राहिली, हे तुमचं. साखळी लोकांची."

आतून त्यांच्या पत्नी मालतीकाकू म्हणाल्या, "अहो, त्यांना आधी चाय तर पिऊ द्या. कोर्टाची पेशी मग लावा."

बापूसाहेबांची सारी नोकरी कोर्टात गेली. ते रीडर होते. म्हणजे न्यायाधीशांच्या पुढ्यात, खालच्या टेबलाशी बसून तारखा लावणारे आणि साक्षी उतरवून घेणारे बाबू. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण कोर्ट सुटलं तरी उलटतपासणी सुटली नव्हती. दूधवाला, गॅसवाला, पुण्याहून फोन करणारा मुलगा, सगळ्यांची होत असे. किरकोळ बांधा, इस्त्रीचा पांढरा बुशशर्ट, आणि ऐकताना मान खाली. समोरचा बोलत असताना ते कधीही त्याच्या तोंडाकडे पाहत नसत. टेबलाकडे पाहत, फरशीकडे पाहत, नाहीतर स्वतःच्या चपलांकडे. मी एकदा कारण विचारलं.

"तोंड बघितलं की माणूस खरा वाटायला लागतो," ते म्हणाले. "साक्ष कानाने घ्यायची. डोळे मध्ये आणायचे नाहीत."

मला हे काही पटलं नाही. पण वाद घातला असता तर तोही त्यांनी उतरवून घेतला असता, म्हणून गप्प बसलो.

पिंपळखरे घराणं शिंदेशाहीत फडावरचे कारकून म्हणून माळव्यात आलेलं. अशी मराठी घराणी उज्जैनला पुष्कळ आहेत, आणि दोन कप चहा झाला की प्रत्येकाचा पूर्वज कुठल्या ना कुठल्या सरदाराच्या उजव्या हाताला जाऊन बसतो. बापूसाहेबांचा पूर्वज कुठे बसत असे याला पुरावा नव्हता, म्हणून ते त्याला बसवतच नसत. "वडील सांगायचे की आपण फडावर होतो. मी पाहिलेलं नाही." एवढ्यावर त्यांचं घराणं संपायचं.

असा माणूस इतिहास लिहायला बसला तर काय होईल, हे खरं म्हणजे इथल्या मराठी मंडळाने आधीच ओळखायला हवं होतं.

स्टेशनकडून फ्रीगंजला येताना दाणी होटल लागायचं. खाली जेवणाचा हॉल, वर खोल्या, आणि खोल्यांपुढून रस्त्याच्या अंगाला आलेली लांब लाकडी गॅलरी. नावाला ते यात्रेकरूंचं हॉटेल. महाकालाच्या दर्शनाला आलेली माणसं उतरायची, वरण-भात जेवायची, क्षिप्रेवर जाऊन यायची आणि रात्रीच्या गाडीने परतायची. पण माळव्यातल्या मराठी घरांच्या लेखी त्याचा उपयोग वेगळाच होता. तिथे मुली दाखवत. मुलीकडचे इंदूरहून नाहीतर देवासहून यायचे, मुलाकडचे दुसऱ्या कुठून तरी, आणि दोघेही म्हणायचे, दर्शनाला आलो होतो. होटलमध्ये सहज गाठ पडायची. जमलं तर महाकालाची कृपा. नाही जमलं तर कुणी कुणाकडे गेलेलंच नसे, कुणी कुणाला नाकारलेलंच नसे. दर्शन तर झालेलं असे. शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळायचं कारण नाही आणि मुलीच्या आईला पोहे करत बसायचं कारण नाही. या सोयीपायी दाणी होटलने किती संसार उभे केले, ते महाकालालाच ठाऊक.

मग रस्ता रुंद करायचं ठरलं. ओळीतल्या दुकानांवर लाल खुणा झाल्या. कुणाची पायरी जाणार होती, कुणाचा ओटा. दाणी होटल सगळंच जाणार होतं. मंडळाच्या सचिवांनी बापूसाहेबांना गाठलं आणि स्मरणिकेसाठी होटलचा इतिहास मागितला. चार पानं, दोन फोटो, थोड्या गोड आठवणी. मला बापूसाहेबांनी हाताशी धरलं, कारण माझ्याकडे लॅपटॉप होता आणि मी एकटा राहत असल्यामुळे मला रविवारी काही काम नसतं, असा त्यांचा समज होता. समज बरोबर होता.

पहिल्याच रविवारी त्यांनी मला नियम सांगितला. गोष्ट सांगणाऱ्याने ती स्वतः पाहिलेली पाहिजे. आणि तीच गोष्ट, पहिल्याला न विचारता, दुसऱ्या कुणीतरी सांगितली पाहिजे. दोन साक्षीदार मिळाले तर गोष्ट आत. एक असेल तर बाहेर, मग ती कितीही गोड असो.

काम त्यांनी एवढ्या हौसेने का घेतलं, ते मला थोड्या दिवसांनी कळलं. त्यांची स्वतःची एक गोष्ट होती, आणि ती होटल पडायच्या आधी त्यांना छापून हवी होती. ही गोष्ट ते लग्नाकार्यात, हळदीकुंकवाला आलेल्या नवऱ्यांच्या घोळक्यात, अगदी रिक्षात बसूनही सांगत. दाणी होटलच्या जेवणाच्या हॉलमध्ये त्यांचा मुलगी बघायचा कार्यक्रम होता. आजूबाजूला यात्रेकरू जेवत होते. बापूसाहेबांच्या वडिलांनी मुलीला विचारलं, गाणं येतं का? येत असेल तर म्हण. आणि मुलगी शांतपणे म्हणाली, 'येतं. पण इथे नाही म्हणणार. लोक जेवताहेत.'

"त्या काळात!" बापूसाहेब म्हणायचे. "माझ्या वडिलांसमोर आम्ही कोणी तोंड उघडत नव्हतो. मी तिथेच ठरवलं की हिच्याशीच." आणि मग काकूंकडे हात करून, "ही आमची अशी आहे."

काकू दरवेळी म्हणायच्या, "मी नाही हो तसं म्हटलं. मला गाताच येत नाही." यावर सगळे हसायचे. नवरा-बायकोची ही जुनी नोकझोक आहे असं धरून मीही हसायचो.

तर या गोष्टीला एक साक्षीदार स्वतः बापूसाहेब. दुसरा साक्षीदार म्हणजे काकू. बाकीची सगळी मंडळी वारलेली. बापूसाहेबांनी काकूंना रीतसर विचारलं, की बयान देतेस का. काकू पोळ्या लाटत होत्या. "नाही देणार," त्या म्हणाल्या. का, ते त्यांनी सांगितलं नाही. बापूसाहेबांनी विचारलं नाही असं नाही, तीनदा विचारलं. काकूंनी तीनही वेळा पोळी उलटली.

"विसरली आहे," ते मला वर येऊन म्हणाले. "घाबरलेली होती ना तेव्हा. पण दुसरा साक्षीदार निघेल. हॉल भरलेला होता."

त्यानंतर आमच्या बैठकीत साक्षी सुरू झाल्या. माणूस आला की त्याला खुर्चीत बसवायचं, नाव, वडिलांचं नाव, राहणार कुठला ते विचारायचं, आणि मग सुरुवात. राम घाटावरचे एक पंडाजी आले. एक फार मोठे नेते दाणी होटलमध्ये उतरले होते, त्यांनी मागून मागून कढी प्यायली, ही गोष्ट सबंध उज्जैनमध्ये प्रसिद्ध होती आणि पंडाजी ती रंगवून सांगत.

"आप वहाँ थे?" बापूसाहेबांनी फरशीकडे पाहत विचारलं.

"बाबूजी, पूरा शहर था."

"शहर की बात नहीं. आप कहाँ खड़े थे?"

पंडाजींनी आधी स्वतःला दारात उभं केलं. मग दारातून जिन्यावर नेलं. मग जिन्यावर वडील होते असं निघालं. शेवटी ते हात जोडून म्हणाले, "महाराज, हम तो तब पैदा ही नहीं हुए थे." नेते बाहेर गेले. कढी त्यांच्याबरोबर गेली. पुढच्या रविवारी एक सिनेनट गेला, त्याच्या पुढच्या रविवारी चंबळचा एक डाकू गेला, जो म्हणे साधूच्या वेशात वरच्या कोपऱ्यातल्या खोलीत राहिला होता. दोन साक्षीदारांनी टिकवलेलं जे उरलं ते असं: जिना फार उभा होता, माठातलं पाणी गार असे, वरण पातळ असे.

सचिव वाचून हवालदिल झाले. "बापूसाहेब, यात काही राहिलंच नाही हो!"

"जे राहिलं ते खरं आहे."

"पण वरण पातळ होतं हे छापायचं का? दाणींना काय वाटेल?"

"पाच जणांनी सांगितलं आहे," बापूसाहेब म्हणाले. "मी काय करू?"

याच सुमारास एक घोटाळा झाला. साक्ष संपली की बापूसाहेब ती वाचून दाखवत आणि खाली सही घेत. सही न करता साक्षीदार उठला तर त्यांना चैन पडत नसे. आता निवृत्त का होईना, कोर्टातला बाबू दाणी होटलविषयी लोकांची बयानं घेतो आणि सह्या करवून घेतो, याचा अर्थ ओळीतल्या दुकानदारांनी एकच काढला. केस लागली आहे. स्टे येणार. पानवाल्याने आम्हाला रस्त्यात अडवून पान खिलवलं आणि हळूच विचारलं, "बाबूजी, हमारी दुकान भी उसी में डलवा दीजिए." होटलचे आताचे मालक प्रशांत दाणी घामाघूम होऊन घरी आले. जागेचं सगळं सुरळीत मिटत आलं होतं आणि मध्येच हे कोण केस लावतंय, म्हणून त्यांची झोप उडाली होती.

बापूसाहेबांचा चेहरा पडला. आपल्यामुळे खोटी बातमी उठावी, ही त्यांच्या लेखी नामुष्की होती. ते दुकानोदुकानी हिंडले. प्रत्येकाला समोर उभं राहून सांगितलं, की केस नाही, स्टे नाही, मी फक्त इतिहास लिहितो आहे. दुकानदार मान डोलवायचे, चहा मागवायचे, आणि आमची पाठ वळली की एकमेकांना म्हणायचे, कोर्ट के आदमी हैं, ऐसे थोड़ी बताएँगे. जितकं नाकारावं तितका स्टे पक्का होत गेला. मी या सगळ्यात पोट धरून हसलो, हे खरं आहे. बापूसाहेब हसले नाहीत. "सुनी-सुनाई," ते घरी येऊन खिन्नपणे म्हणाले, आणि जेवले नाहीत.

अशात विमलताई आल्या.

विमलताई परचुरे देवासच्या. सुनेबरोबर दर्शनाला आल्या होत्या. 'दाणी होटलमध्ये मला बघायला आले होते,' असं त्यांनी मंदिरात कुणाशी तरी बोलताना सांगितलं आणि ते कानावर पडताच सचिवांनी त्यांना तडक आमच्याकडे पाठवलं. ठेंगण्या, सावळ्या, बोलायला मोकळ्या. खुर्चीत बसताना म्हणाल्या, "बसून राहिले हो, पण मला टाइम कमी आहे. सून बाहेर ऑटोत आहे."

बापूसाहेबांनी मान खाली घातली. नाव झालं, गाव झालं. मी टाइप करत होतो.

"होटलमध्ये किती वेळा गेला होतात?"

"एकदाच. बघण्याच्या कार्यक्रमाला. उज्जैनचेच लोक होते. मुलगा कोर्टात नुकता लागला होता, असं बाबा बोलले होते. आडनाव लांबलचक होतं, आता लक्षात नाही."

"कार्यक्रम कुठे झाला? वर की खाली?"

"खाली, जेवायच्या हॉलमध्ये. इतकी गर्दी, की विचारू नका. यात्रेकरू जेवून राहिलेले, वाढपी पळून राहिलेले. आणि मुलाचे वडील मला बोलले, गाणं म्हण. मी म्हटलं, येतं, पण इथे नाही म्हणणार. लोक जेवताहेत."

माझी बोटं थांबली. बापूसाहेबांची मान तशीच खाली होती. मला वाटलं, आता ते उठतील, निदान वर पाहतील. पण रीडर तो रीडर. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला.

"मग?"

"मग काय, नकार आला. आई आठ दिवस बोलून राहिली होती, जिभेला हाड नाही तुझ्या म्हणून."

मला राहवलं नाही. मी विचारलं, "मुलगा कसा होता?"

"कुणास ठाऊक!" विमलताई खळखळून हसल्या. "पूर्ण वेळ टेबलाकडे बघून राहिला होता. मला वाटलं, याला टेबल पसंत पडलं. पण बरंच झालं बाई. आमचे हे देवासला मिळाले. शेवटपर्यंत रोज गाणं ऐकायचे माझं."

काकू साबुदाण्याच्या खिचडीच्या बश्या घेऊन दारात उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या ते मी सांगू शकत नाही. त्या आत आल्या, विमलताईंना बशी दिली, शेव हवी का विचारलं, मग नवऱ्यासमोर बशी ठेवत म्हणाल्या, "घ्या. मिळाला तुम्हाला दुसरा साक्षीदार. लिहा आता."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

बापूसाहेबांनी साक्ष वाचून दाखवली. शब्द चुकला नाही. विमलताईंनी सही केली, समोरचा म्हातारा कोण हे न कळताच त्याचे आभार मानले आणि ऑटोत बसून गेल्या. त्या गेल्यावर दोघांच्या बोलण्यातून मी हळूहळू सगळं जुळवलं. बापूसाहेबांच्या वडिलांनी त्या दिवशी एकाच खेपेत दोन मुली पाहण्याचा बेत केला होता. सकाळची खाली, हॉलमध्ये. दुपारची वर, कारण तोपर्यंत हॉल अगदीच भरला. मुलाने दोन्ही वेळा मान वर केली नाही. संध्याकाळी वडिलांनी विचारलं, काय, पसंत? मुलाने होकारार्थी मान हलवली. कुठली, हे ना त्यांनी विचारलं, ना याने सांगितलं. वडिलांनी तोंडाळ मुलगी सोडून गप्प मुलीला होकार कळवला. आणि मुलाने उभा जन्म एकीचं वाक्य दुसरीच्या तोंडी घालून, तिला शेजारी बसवून, लोकांना सांगितलं.

पुढचे काही दिवस घर विचित्र झालं. मी परीक्षा म्हणून सांगितलं, की महिदपूरला गारा पडल्या. बापूसाहेब म्हणाले, "पडल्या असतील." मला भीतीच वाटली.

काकू मला स्वयंपाकघरात म्हणाल्या, "पहिल्या संक्रांतीला त्यांनी ते सांगितलं ना सगळ्यांसमोर, तेव्हा मला समजलं की ही दुसरी कुणी आहे. फार लागलं. मोरीत जाऊन रडले. त्यांना दोनदा सांगितलं, मी नाही ती. ते बोलले, विसरलीस. मग वाटलं, जाऊ दे. माणूस त्या वाक्यावर खूश आहे, आणि ते माझं समजून खूश आहे." त्यांनी कणीक झाकून ठेवली. "घरात चालून जातं हो. पण छापून नको. दुसऱ्या बाईचं माझ्या नावावर नको. म्हणून बयान नाही दिलं."

मग मी विचारलं, "काकू, तुम्हाला वर खोलीत बघितलं. तिथे काय झालं?"

"ते मला कधी कोणी विचारलंच नाही," काकू म्हणाल्या.

हे मी बाहेर बैठकीत जाऊन बापूसाहेबांना सांगितलं. मध्ये पडायचा माझा स्वभाव नाही, पण सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि आपल्या चपलांकडे बघत बसले.

होटल पाडायच्या अलीकडच्या एका सकाळी ते जिना चढून माझ्या दारात आले. ताजी इस्त्री. "लॅपटॉप घ्या," म्हणाले. "एक साक्ष राहिली आहे." खाली काकू मोरपंखी साडी नेसून तयार होत्या आणि थोड्या लाजल्यासारख्या दिसत होत्या. आम्ही ऑटोने गेलो. प्रशांत दाणींनी कुलूप काढून दिलं. आतली दारं-खिडक्या उतरवून नेलेल्या, पंखे गेलेले, भिंतींवर कॅलेंडरांच्या जागा उजळ उरलेल्या. त्या उभ्या जिन्यावरून काकूंना वर न्यायला आम्हा दोघांची दमछाक झाली.

गॅलरीत काकू पुढे झाल्या. एका ठिकाणी थांबल्या, इथे नाही म्हणाल्या, चार पावलं पुढे गेल्या. "इथे."

"नाव?" बापूसाहेबांनी विचारलं.

"तुम्हाला माहीत नाही?"

"विचारावं लागतं."

"मालती बर्वे," काकू म्हणाल्या. "तेव्हा तेच होतं."

"काय झालं इथे, सांगा." साक्षीदाराला ते नेहमी अहो-जाहो करत. काकूंनाही केलं.

काकूंनी सांगितलं. खोलीत बघून झालं होतं. मोठी माणसं आत बोलत होती आणि हिला बाहेर थांबायला सांगितलं होतं. उन्हाळा होता. गॅलरीत ऊन सरळ अंगावर येत होतं, पण हलायचं कसं, कोणी बोलावलं तर, म्हणून ती तिथेच उभी राहिली. एवढ्यात मुलगा हात धुवायला बाहेर आला. बेसिन गॅलरीच्या टोकाला. हात धुऊन परत जाताना तो तिच्यापाशी क्षणभर थांबला.

"आणि बोललात, 'तिकडे सावली आहे, तिकडे उभ्या राहा. आत अजून वेळ लागेल.'"

"मी?"

"तुम्हीच."

"मला माहीत होतं का, की तू ती..."

"कुठून माहीत असणार? मान खालीच होती. पाय उन्हात दिसले असतील कुणाचे तरी." काकू कठड्याला धरून उभ्या होत्या. "मला तोवर कोणीच विचारलं नव्हतं, ऊन लागतं का म्हणून. तुम्ही विचारलं. मी आईला बोलले, हो म्हणून टाका."

बापूसाहेबांनी टोकाच्या बेसिनकडे पाहिलं. मग म्हणाले, "मला आठवत नाही, मालती."

"मला माहीत आहे. आठवलं असतं तर सांगितलं नसतं का सगळ्यांना?"

बापूसाहेब माझ्याकडे वळले. विमलताईंची साक्ष विमलताईंच्या नावाने छापायची, असं म्हणाले. मग ही साक्ष. "आणि खाली लिहा. या वेळी दुसरा माणूस हजर होता. त्याला काही आठवत नाही." मी लिहिलं. मंडळाने ते पुढे तसंच छापलं, वरण पातळ होतं याच्या अगदी खाली.

मी लॅपटॉप मिटला आणि ऑटो थांबवून ठेवण्याच्या निमित्ताने खाली उतरलो. वर्षभरात माझी बदली नागपूरला झाली. त्या दिवसानंतर बदलीपर्यंत त्या दोघांना रोज पाहिलं असणार, पण ते मला वेगळं असं आठवत नाही. आठवतं ते रस्त्याच्या पलीकडून वर पाहिलेलं. ऑटोवाला विचारत होता, "बाबूजी ऊपर क्या कर रहे हैं?" वर गॅलरीत काकू उन्हात उभ्या होत्या आणि हाताने काहीतरी दाखवत होत्या. बापूसाहेब टोकाच्या बेसिनपाशी गेले, तिथून चालत आले, काकूंपाशी थांबले आणि काही बोलले. इतक्या दूरवर ऐकू आलं नाही. काकूंनी मान हलवली, आणि परत जा अशी खूण केली. बापूसाहेब मुकाट्याने परत बेसिनपर्यंत गेले, आणि तिथून पुन्हा यायला निघाले.